एकच नाव, दोन आजार: एककेंद्री आणि बहुकेंद्री कॅसलमन

काखेतली किंवा मानेतली गाठ काढून तपासणीला पाठवली आणि अहवालात ‘कॅसलमन रोगाशी सुसंगत’ असे शब्द आले, की घरच्यांचा पहिला प्रश्न ‘हा कॅन्सर आहे का’ असा असतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र दुर्लक्ष करण्याजोगे हे दुखणे नव्हे. खरा निर्णायक प्रश्न त्यानंतरचा आहे, तो म्हणजे ‘यातला कोणता’. कारण या एका नावाखाली किमान दोन वेगळे आजार नांदतात: एककेंद्री प्रकारात गाठ काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात, तर बहुकेंद्री प्रकारात दहा गाठी काढल्या तरी आजाराला धक्काही लागत नाही.

नावाचा हा घोळ इतिहासातून आला आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये एका रुग्णाची आणि १९५६ मध्ये तेरा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, थायमस ग्रंथीच्या ट्यूमरसारखी भासणारी एक मोठी गाठ होती. प्रत्यक्षात ती फुगलेली लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची गाठ) निघाली. पुढे काही दशकांनी अनेक ठिकाणच्या ग्रंथी सुजलेले, तापाने आणि अशक्तपणाने खंगलेले रुग्ण आढळू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या ग्रंथी तशाच दिसल्या, म्हणून नावही तेच चिकटले.

ते दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. ग्रंथीतील गोलसर पुटकांचा, म्हणजे पेशींच्या पुंजक्यांचा, गाभा आक्रसलेला असतो आणि त्याभोवती लहान लसिकापेशींची वर्तुळे कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकाबाहेर एक बसलेली असतात. मधूनच एखादी रक्तवाहिनी बाहेरून सरळ गाभ्यात शिरलेली दिसते, त्यामुळे ते पुटक काडीवरच्या लॉलीपॉपसारखे भासते. हे चित्र एककेंद्री प्रकारात अधिक आढळते. दुसऱ्या चित्रात पुटकांच्या मधल्या जागेत प्लाझ्मा पेशींची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची) दाटी असते, आणि ते बहुकेंद्री प्रकारात अधिक आढळते. पण ‘अधिक’ या शब्दावर उपचार ठरवता येत नाहीत, कारण दोन्ही चित्रे दोन्ही प्रकारांत दिसू शकतात. शिवाय ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), संधिवात आणि एचआयव्हीच्या संसर्गातही ग्रंथी जवळजवळ अशाच दिसू शकतात, आणि लिम्फोमा हा लसिकापेशींचा कॅन्सर वगळल्याशिवाय तर पुढे जाताच येत नाही. म्हणूनच सुईने काढलेल्या चार पेशींवर हे निदान करू नये. ग्रंथीची रचनाच पाहायची असल्याने शक्यतो अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते.

म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी आजाराचे नाव सांगते. प्रकार सांगतात ते शरीराचा नकाशा आणि रक्त. संपूर्ण शरीराच्या पेट-सीटी स्कॅनमध्ये एकच ग्रंथी किंवा एकाच भागातला ग्रंथींचा समूह मोठा दिसला तर तो एककेंद्री. अशा अनेक रुग्णांना काहीच त्रास नसतो, आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ अवचित सापडते. बहुकेंद्री प्रकारात मात्र ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, अंगावर सूज, यकृत आणि प्लीहा वाढणे अशी लक्षणे असतात. त्यांच्या मुळाशी अनेकदा इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारे प्रथिन असते. त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे दाह दर्शवणारे प्रथिन वाढवते आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी करते, तसेच लोहाचा वापर अडून हिमोग्लोबिन उतरते.

इथे एक चकवा आहे. एककेंद्री गाठही कधीकधी हेच प्रथिन सोडते आणि रुग्ण बहुकेंद्री असल्यासारखा ताप आणि अशक्तपणा घेऊन येतो. गाठ काढल्यावर सारे ओसरते. त्यामुळे केवळ लक्षणांवरून प्रकार ठरवणे हे केवळ काचपट्टीवरून ठरवण्याइतकेच धोक्याचे आहे.

बहुकेंद्री ठरल्यावरही आणखी एक फाटा फुटतो. मानवी हर्पिस विषाणू-८ मुळे होणारा प्रकार एचआयव्हीबाधितांमध्ये अधिक आढळतो, म्हणून दोन्ही विषाणूंची तपासणी चुकवता येत नाही. विषाणू सापडला नाही आणि पोएम्स सिंड्रोमसारखा (प्लाझ्मा पेशींच्या बिघाडातून मज्जातंतू व इतर अवयवांवर परिणाम करणारा) सोबतीचा आजारही नसला, तर उरतो तो अज्ञातहेतुक, म्हणजे कारण न कळलेला प्रकार. त्यासाठी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले: सुसंगत बायोप्सी आणि किमान दोन भागांत एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या ग्रंथी या दोन मुख्य अटी, आणि अकरा गौण निकषांपैकी किमान दोन, ज्यांतला एक तरी प्रयोगशाळेतला असला पाहिजे. याशिवाय त्याच्यासारखे दिसणारे इतर आजार वगळावे लागतात.

उपचारांत ही फारकत सर्वांत स्पष्ट दिसते. एककेंद्री प्रकारात शस्त्रक्रियेने संपूर्ण गाठ काढणे हाच मुख्य उपाय आहे. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून काही वेळा शस्त्रक्रियेआधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करून घेतात. एक अपवाद मात्र गंभीर आहे: काही रुग्णांत गाठीसोबत तोंडात आणि त्वचेवर जखमा करणारा पेम्फिगस होतो, आणि त्यातून फुफ्फुसांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या, तर गाठ गेल्यावरही धाप राहते.

अज्ञातहेतुक बहुकेंद्री प्रकारात सिल्टुक्सिमॅब हे इंटरल्युकिन-६ ला बांधून निष्प्रभ करणारे औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत औषध घेतलेल्या ५३ पैकी १८ रुग्णांना टिकाऊ गुण आला आणि केवळ पूरक काळजी व प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) मिळालेल्या २६ पैकी कोणालाही नाही. म्हणजे औषध खरे आहे, पण सर्वांचे नाही; ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी रिटुक्सिमॅब आणि सिरोलिमस ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे किंवा, आजार उग्र असल्यास, केमोथेरपी असे पर्याय उरतात. विषाणूजन्य प्रकारात रिटुक्सिमॅबच मुख्य औषध ठरते, आणि एचआयव्ही असल्यास त्यावरील उपचार सोबत चालतात. गुण आलेल्या अज्ञातहेतुक रुग्णाचे सिल्टुक्सिमॅब सहसा चालूच ठेवतात, कारण ते थांबवल्यावर आजार उलटू शकतो.

या दोन्ही चौकटींत न बसणारे थोडे रुग्णही असतात: शेजारशेजारच्या दोन-तीन भागांत ग्रंथी मोठ्या आहेत, पण सीआरपी, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन ठीक आहे. अशांचा आजार बहुधा एककेंद्रीच्या वळणाने जातो, म्हणून केवळ ग्रंथींचे भाग मोजून त्यांना बहुकेंद्रीची औषधे सुरू करणे घाईचे ठरते.