विमान कंपन्यांचे विलीनीकरण: स्पर्धा आयोगाची मंजुरी आणि कर्मचाऱ्यांचे हक्क, पात्रता व कागदपत्रे

दोन विमान कंपन्या एक होणार अशी बातमी आली की कर्मचाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो: स्पर्धा आयोग आमच्या नोकऱ्यांचा विचार करणार का? नाही करणार. बाजारातली स्पर्धा टिकवण्याचे काम असलेल्या या आयोगाने काय तपासायचे याची यादी स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम २०(४) मध्ये आहे. बाजारातला वाटा, नव्या कंपनीच्या वाटेतले अडथळे, भाडी वाढण्याची शक्यता असे मुद्दे तिथे आहेत. नोकरकपात त्यात नाही. नोकरीचे संरक्षण शोधायचे ते राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने (एनसीएलटी) मंजूर केलेल्या योजनेत आणि कामगार कायद्यात.

तरीही आयोगाकडे लक्ष ठेवावे, कारण तिथून वेळापत्रक कळते. १० सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार आयोगाला प्राथमिक मत ३० दिवसांत बनवावे लागते आणि संपूर्ण तपासणीला कमाल १५० दिवस मिळतात. प्रस्तावाचा सारांश आणि अंतिम आदेश आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. एअर इंडिया–विस्ताराचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ मध्ये अर्ज, जूनमध्ये कारणे दाखवा नोटीस, कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या हमींसह १ सप्टेंबर २०२३ रोजी मंजुरी. आणि प्रत्यक्ष विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी. मधले चौदा महिने म्हणजे कर्मचाऱ्याने आपले कागद नीट करून घेण्याचा काळ. बहुतेक जण तो अफवांवर चर्चा करण्यात घालवतात.

आयोगाकडे हरकत घेता येते का? स्पर्धेला बाधा येईल असे आयोगाला सकृद्दर्शनी वाटले, तर कलम २९ खाली प्रस्तावाचा तपशील जाहीर करायला लावून बाधित व्यक्तींकडून लेखी हरकती मागवता येतात. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून जाहिरातीतली तारीख पाहावी. पण ‘आमच्या नोकऱ्या जातील’ एवढेच लिहिलेली हरकत निरुपयोगी ठरते. अमुक मार्गावर दोनच कंपन्या होत्या, आता एकच उरेल, असे मार्गनिहाय लिहिले तर ती वाचली जाते. आदेशाविरुद्ध बाधित व्यक्तीला ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे (एनसीएलएटी) अपील करता येते.

योजनेतले कलम

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली विलीनीकरणाची योजना मंजूर होते. भागधारक आणि धनकोंच्या सभेची नोटीस आणि सोबतची कागदपत्रे कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवावी लागतात. त्या योजनेत कर्मचाऱ्यांविषयीचा एखादा परिच्छेद असतोच. तो शब्दन् शब्द वाचावा.

‘सेवेत खंड न पडता’ हे शब्द आहेत का ते पाहा. ग्रॅच्युइटी आणि भरपाईची मोजणी त्यावर चालते. पुढे सेवाशर्ती ‘एकूणात कमी लाभदायक नसतील’ असे लिहिले असेल तर ‘एकूणात’ या शब्दाशी थांबा. एक भत्ता काढून दुसरा देण्याची मुभा तिथूनच मिळते. पायलटांचे भांडण बहुधा इथेच पेटते. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराच्या पायलटांचा रोष नव्या वेतनरचनेवर होता: हमीचे वेतन ७० ऐवजी ४० उड्डाणतासांवर आले होते. तिसरी गोष्ट तारखेची. योजनेत ‘नियत दिनांक’ (हिशेबासाठी विलीनीकरण ज्या तारखेपासून धरतात ती) आणि ‘प्रभावी दिनांक’ (ते प्रत्यक्ष अमलात येते ती) असे दोन दिनांक असतात. सर्वसाधारणपणे प्रभावी दिनांकाला जे हजेरीपटावर आहेत तेच नव्या कंपनीत जातात. ठरावीक मुदतीचा करार त्याआधी संपला, तर नाव पटावर राहत नाही.

योजनेला थेट हरकत घेणे कर्मचाऱ्याला जवळपास अशक्य आहे. त्यासाठी १० टक्के भागभांडवल किंवा एकूण थकीत कर्जाच्या ५ टक्के येणे असावे लागते.

भरपाईला पात्र कोण

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. कलम ७३ नुसार, आस्थापनेचे हस्तांतरण होताना किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात झाल्याप्रमाणे नोटीस आणि भरपाई मिळते: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. मात्र सेवा अखंड राहिली, शर्ती कमी झाल्या नाहीत आणि पुढे कपात झाल्यास आधीची सेवा धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील असेल, तर ही भरपाई मिळत नाही.

‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय पदे नाहीत, तसेच महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षकही नाहीत. पायलट या व्याख्येत बसतात, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने दिला आहे. पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे महत्त्वाचे. म्हणून रोस्टर आणि कामाचे ईमेल जपून ठेवावेत. कपातीआधी सरकारी परवानगी लागण्याची तरतूद कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. विमान कंपनी त्यात येत नाही.

स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली की ती कपात राहत नाही, त्यामुळे कपातीची भरपाई मागता येत नाही. आकडा पाहूनच सही करावी.

ज्येष्ठतेच्या बाबतीत आपल्याकडे मोठी पोकळी आहे. अमेरिकेत २००७ च्या मॅकॅस्किल–बाँड कायद्याने दोन कंपन्यांच्या ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने एकत्र करणे बंधनकारक केले. भारतात तसा कायदा नाही. कपातीत साधारणतः ‘शेवटी आलेला आधी जातो’, म्हणून विलीनीकरणाआधीच्या ज्येष्ठता यादीची तारखेसह प्रत मिळवून ठेवा.

अर्ज कुठे

हवाई वाहतुकीसाठी समुचित सरकार, म्हणजे कामगार वादांत ज्याचा अधिकार चालतो ते, केंद्र सरकार आहे. राज्याच्या कामगार कार्यालयात दिलेला अर्ज त्यामुळे फुकट जातो. मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्या प्रादेशिक कार्यालयात किंवा केंद्राच्या ‘समाधान’ या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करावी. नोकरीवरून काढल्याच्या वादासाठी मुदत दोन वर्षांची आहे. सोबत लागणारे कागद:

- नेमणूकपत्र, बढतीची पत्रे, नव्या कंपनीचे पत्र
- शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या
- योजना आणि एनसीएलटीच्या आदेशाची प्रत
- पीएफची सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक

पीएफमध्ये यूएएन (कर्मचाऱ्याचा कायमचा खातेक्रमांक) तोच राहतो, मेंबर आयडी (त्या त्या कंपनीतला क्रमांक) बदलतो. दावे तारखांवर अडकू शकतात: जुन्या कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख नव्या कंपनीतल्या रुजू तारखेनंतरची पडली की सेवा एकमेकींवर चढते. पूर्वी एवढ्यावरून हस्तांतर नाकारले जाई; मे २०२५ पासून केवळ या कारणाने ते नाकारता येत नाही, तरी खुलासा मागितला जाऊ शकतो. दुरुस्ती जुन्या कंपनीचे मनुष्यबळ खाते चालू असतानाच करून घ्यावी. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रस्ट (पीएफ स्वतः सांभाळणारा कंपनीचा न्यास) असेल तर ‘ॲनेक्शर के’ (जमा रक्कम आणि सेवेचा तपशील असलेला हस्तांतराचा कागद) तयार झाल्याची खात्री करा. त्याशिवाय रक्कम आणि पेन्शनची सेवा पुढे सरकत नाही.

विमानतळ प्रवेशपास हा कंपनीच्या नावाने असतो. प्रभावी दिनांकानंतर जुना पास जमा करून नवा घ्यावा लागतो, आणि पडताळणी रेंगाळली तर ड्यूटी लागत नाही. त्या दिवसांचा पगार कोण देणार हे आधी लेखी विचारून घ्यावे. ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटदाराकडचे कर्मचारी मात्र विमान कंपनीच्या पटावर नसतातच. त्यांचा मालक कंत्राटदार, आणि दावाही आधी त्याच्यावरच लावावा लागतो.