धक्का लागला की मारला?

जून संपत आला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मागणी हमखास येते: 'त्या' मुलाची तुकडी बदला. तो ढकलतो, डबा सांडतो, तास चालू असताना ओरडतो. त्रास खरा असतो, पण या उपायात फारसा दम नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत चौथीतल्या मुलग्यांचे अनोळखी गट करून त्यांना आठवड्यातून एकदा खेळू दिलं. शाळेत नकोशी असलेली मुलं काही आठवड्यांतच नव्या गटातही नकोशी झाली. मग स्वभावच तसा म्हणायचा? थांबा, गोष्ट एवढी सरळ नाही.

केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली दुसरी, चौथी आणि सहावीतल्या मुलग्यांवर प्रयोग केला. मुलगा चित्राचे तुकडे जुळवतो, आणि ते काम दुसऱ्याच्या हातून मोडतं. कधी उघड मुद्दाम, कधी मदत करताना, तर कधी कशामुळे ते कळूच नये अशा रीतीने. पहिल्या दोन प्रकारांत मारकुटी आणि शांत मुलं जवळपास सारखीच वागली. फरक पडला तो तिसऱ्यात: शांत मुलांनी 'चुकून झालं' असं धरलं, मारकुट्यांनी 'मुद्दाम केलं' असं. आता यापुढचा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. मुलांना अशाच संदिग्ध घटना सांगितल्या आणि करणारा म्हणून वर्गातल्याच मुलाचं नाव घेतलं. नाव मारकुट्याचं असलं की शांत मुलंही 'मुद्दाम' म्हणू लागली. म्हणजे तो जगाला शत्रू धरतो आणि वर्ग त्याला.

पाण्याच्या नळापाशी रांगेत खांद्याला धक्का लागतो तेव्हा डोळ्यांना दिसतो फक्त धक्का. हेतू दिसत नाही. ती रिकामी जागा मेंदू जुन्या आठवणींवरून क्षणार्धात भरतो, आणि भरलेलं आपलंच आहे हे मुलाला कळत नाही. म्हणून 'त्यानं मुद्दाम मारलं' हे तुमचं मूलही घरी येऊन अगदी प्रामाणिकपणे सांगतं, डोळ्यांनी पाहिल्यासारखं. लगेच 'नाही रे, असं नसेल' म्हणालात तर त्याला वाटतं आपल्याला खोटं ठरवलं.

दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं करायला त्याला मदत करायची, तर आधी वेळ सांभाळा. तणावानंतर कॉर्टिसॉल हे संप्रेरक साधारण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोचतं. व्हॅनमधून उतरल्या उतरल्या चौकशी नको. खाऊ होऊ द्या, कुठे लागलंय ते पाहा. मग दोनच प्रश्न: 'काय दिसलं?' आणि 'काय वाटलं?' उत्तरं वेगवेगळी ठेवा. त्यानंतर त्याच्याकडून तीन कारणं काढून घ्या, त्यातलं एक तरी निव्वळ अपघाताचं. पहिलं कारण बहुधा 'तो वाईटच आहे' असं येतं. येऊ द्या, पण तीन पुरी करा.

'तू त्याच्या जागी असतास तर?' हा आपला लाडका प्रश्न मात्र इथे फसतो. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. आवाज सहन न होणारा एखादा मुलगा कान दाबून शेजारच्याला ढकलून पळतो. तुमच्या मुलाला विचारलं, तर ते म्हणणार, 'मला तर मजा आली असती!' त्याने स्वतःलाच तिथे उभं केलं, त्या मुलाला नाही. डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रौढांवर हा फरक तपासला. 'त्याला कसं वाटत असेल' या विचाराने कणव जागी होते. 'मला कसं वाटेल' या विचाराने कणवेबरोबर स्वतःची अस्वस्थताही वाढते, आणि अस्वस्थ माणूस बहुधा काढता पाय घेतो. म्हणून विचारा: 'त्याला तो आवाज कसा लागला असेल?' समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे चार-पाच वर्षांच्या आसपास कळू लागतं. बालवाडीत याची घाई नको.

'सहानुभूतीचे न्यूरॉन' जागे करून देणाऱ्या वर्गांना फी भरू नका. त्यांचा आधार म्हणजे मिरर न्यूरॉन, स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याला ती करताना पाहतानाही चेतणाऱ्या मेंदूतल्या पेशी. त्या १९९० च्या दशकात इटलीत माकडांच्या मेंदूत सापडल्या, तेही वस्तू उचलण्यासारख्या हालचालींच्या संदर्भात. तिथून दयाळूपणापर्यंतची उडी जाहिरातवाल्यांची. दृष्ट काढणं आणि गंडा बांधणं यांवर शब्द खर्च करत नाही. 'त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) आहे' हा वर्गात फिरणारा शेराही तितकाच पोकळ. त्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यातली काही बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. ते काम तज्ज्ञांचं.

समजून घेणं म्हणजे मार खाणं नव्हे. मुलाला दोन वाक्यं पाठ करून द्या: 'ढकलू नकोस. मी तिकडे जातोय.' मग बाईंना सांगायचं. ती चहाडी नाही. 'बिचारा आहे तो' असं शिकवू नका, कारण बिचाऱ्याला कुणी खेळात घेत नाही.

मारामारी वारंवार होत असेल तर दोन आठवडे वहीत टिपा: वार, वेळ, जागा, आणि घटनेच्या आधी काय चाललं होतं. 'नेहमीच करतो' यातून काही हाती लागत नाही. चारपैकी तीन घटना मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला निघाल्या, तर भूक, गोंगाट की तो विषय, हे बाईंना आणि शाळेच्या समुपदेशकांना तपासता येतं.