मॉनिटरच्या मागची दोन घराणी

संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की पुष्कळदा चित्र चारही बाजूंनी थोडं कापलेलं दिसतं. खालची टास्कबार अर्धी पडद्याबाहेर जाते, कोपऱ्यातलं घड्याळ दिसतच नाही. तीच केबल मॉनिटरला लावली तर सगळं जागच्या जागी असतं. इथे केबलही बिघडलेली नसते आणि टीव्हीही. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राची कड सरळ आणि स्थिर राखणं अवघड असे, म्हणून चित्र मुद्दामच पडद्यापेक्षा जरासं मोठं काढून त्याच्या कडा चौकटीमागे लपवत. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. नळी गेली, सपाट पडदे आले, पण ही सवय टीव्हीत टिकून राहिली. आजही ती मेनूत शिरून बंद करावी लागते.

‘एचडीएमआय घ्यावं की डिस्प्लेपोर्ट’ असं कुणी विचारलं की मला आधी हे कापलेलं चित्र आठवतं. दोन्ही केबलमधून शेवटी आकडेच वाहतात. पण एचडीएमआय टीव्हीवाल्यांच्या घरात जन्मलं आणि डिस्प्लेपोर्ट संगणकवाल्यांच्या, आणि वापरताना नडणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या जन्मापाशी जाऊन पोचतात.

डिजिटल जोडणीच्या आधी संगणक आणि मॉनिटर यांच्यामध्ये व्हीजीए नावाचं कनेक्शन होतं. आयबीएमने 1987 मध्ये पीएस/2 संगणकांबरोबर ते आणलं. तीन ओळींत 15 पिना, लाल-हिरव्या-निळ्या रंगांसाठी वेगवेगळ्या तारा, आणि त्या तारांवर कमीजास्त होणारा विजेचा दाब. नळीच्या मॉनिटरला नेमकं हेच हवं होतं: जितका दाब, तितका तो ठिपका उजळ. एलसीडी आल्यावर मात्र याला काही अर्थ उरला नाही. संगणकातले आकडे ग्राफिक्स कार्ड दाबात बदलायचं आणि मॉनिटर त्याच दाबाचे पुन्हा आकडे करायचा. या उलटसुलट प्रवासात एक पिक्सेल कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागे. तेव्हाच्या एलसीडी मॉनिटरवर ‘ऑटो’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी. ते दाबलं की चित्र क्षणभर थरथरायचं, डावीउजवीकडे सरकायचं आणि पुसट दिसणारी अक्षरं एकदम कोरल्यासारखी व्हायची. ज्याने ते बटण दाबलंय, त्याला डिजिटल जोडणीची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सुरुवातीचे एकदोन प्रयत्न फार चालले नाहीत. जम बसला तो 1999 मध्ये आलेल्या डीव्हीआय या डिजिटल जोडणीचा. इंटेल, सिलिकॉन इमेज, कॉम्पॅक, फुजित्सू, एचपी, आयबीएम आणि एनईसी या कंपन्यांच्या गटाने ते ठरवलं. त्यातलं खरं तंत्र सिलिकॉन इमेजचं होतं, टीएमडीएस नावाचं. रंगाचे 8 बिट पाठवताना त्यांचे 10 बिट करायचे, आणि ते अशा बेताने निवडायचे की तारेवर 0 चा 1 आणि 1 चा 0 कमीत कमी वेळा होईल. प्रत्येक संदेश तारांच्या जोडीवरून जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि पलीकडे दोन्हींतला फरक काढला की तो आपोआप वजा होतो. तीन जोड्या रंगांसाठी आणि चौथी घड्याळासाठी, म्हणजे कोणता बिट कधी वाचायचा हे सांगण्यासाठी. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढची वीसेक वर्षं ती आपल्या सोबत आहे.

डीव्हीआयच्या एका जोडणीची मर्यादा होती सेकंदाला 16.5 कोटी पिक्सेल, म्हणजे 165 मेगाहर्ट्झ. 1920×1200 चा पडदा सेकंदाला 60 वेळा भरायचा तर नेहमीच्या हिशेबाने 193 मेगाहर्ट्झ लागत. तरीही तो पडदा चालला, आणि त्याचं कारण मला या सगळ्या इतिहासात फार आवडतं. नळीतला किरण एक ओळ रंगवून झाली की परत डावीकडे जायचा, सगळा पडदा झाला की पुन्हा वर जायचा. त्या परतीच्या वाटेसाठी प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडा रिकामा वेळ सोडलेला असे. एलसीडीत किरणच नाही, मग इतका रिकामा वेळ कशाला? तो कमी केल्यावर तोच पडदा 154 मेगाहर्ट्झमध्ये बसला.

टीव्हीवाल्यांनी डिसेंबर 2002 मध्ये एचडीएमआय आणलं, तेव्हा त्यांनी हाच रिकामा वेळ वेगळ्या कामी लावला. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा हे त्याचे संस्थापक. सिलिकॉन इमेज सोडली तर सगळ्या घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या. डीव्हीआयमध्ये आवाजाची सोय नव्हती, प्लग मोठा होता आणि तो स्क्रूने आवळावा लागे. टीव्हीमागे हात घालून स्क्रू पिळत बसणं कुणाला परवडणार? म्हणून टीएमडीएस तसंच ठेवून प्लग लहान केला, 19 पिनांचा, आणि आवाज त्या परतीच्या रिकाम्या वेळेत भरला. एचडीएमआयवर जो आवाज ऐकू येतो, तो नळीतल्या किरणासाठी राखलेल्या फटींतून येतो.

याच घरातून आणखीही गोष्टी आल्या. एका रिमोटवर सगळी उपकरणं चालवणारं सीईसी ही त्यातली सोयीची. एचडीसीपी हे कुलूप मुळात इंटेलने बनवलेलं आणि डीव्हीआयवरही वापरलेलं, पण चित्रपटगृहाच्या तोडीचं चित्र घरात द्यायचं तर त्याची कॉपी होऊ नये या आग्रहापायी ते एचडीएमआयला कायमचं चिकटलं. टीव्ही लावल्यावर पडदा सेकंद-दोन सेकंद काळा राहतो, तेव्हा बऱ्याचदा हीच किल्ल्यांची देवाणघेवाण चाललेली असते. शिवाय टीव्हीच्या हिशेबात काळा रंग 16 आणि पांढरा 235, तर संगणकाच्या हिशेबात 0 आणि 255. दोन्ही टोकांनी वेगळा हिशेब धरला की काळा राखाडी दिसतो, नाहीतर सावल्यांमधले बारकावे काळ्यात बुडतात. असं दिसलं तर केबल बदलू नका, सेटिंग बघा.

डिस्प्लेपोर्ट 2006 मध्ये आलं. ते बनवणारी व्हेसा ही मॉनिटर आणि ग्राफिक्सवाल्यांची 1989 पासूनची संस्था. त्यांनी टीएमडीएस बाजूला ठेवलं आणि संगणकाच्या आत ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेससारखा विचार केला: चार मार्गिका, त्यावरून छोटी पाकिटं, आणि घड्याळाला वेगळी तार नाही, ते माहितीतच विणलेलं. माहिती पाकिटांत असल्याने पुढे 2010 मध्ये एका केबलवरून अनेक मॉनिटर साखळीने जोडता आले. व्हेसाने स्वतः दर नगामागे शुल्क ठेवलं नाही, एचडीएमआयचा परवाना मात्र पैसे देऊन घ्यावा लागतो.

या वेगळेपणामुळे अडॅप्टर घेताना फसगत होते. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच पोर्टांना टीएमडीएसही बोलता येतं, म्हणून तिथून एचडीएमआय मॉनिटरला जायला साधं स्वस्त अडॅप्टर पुरतं. उलट दिशेने ते चालत नाही. एचडीएमआयच्या पोर्टाला पाकिटं बनवता येत नाहीत, त्यासाठी आत चिप असलेलं वेगळं उपकरणच लागतं.

फोरके आल्यावर वेगाची शर्यत लागली. हिशेब सोपा आहे. फोरकेचे पिक्सेल 3840×2160, पण रिकाम्या वेळेसकट ते 4400×2250 धरले जातात. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे 59.4 कोटी पिक्सेल. प्रत्येकाचे 24 बिट, आठाचे दहा करून 30. गुणाकार केला की 17.82 गिगाबिट येतात. एचडीएमआय 2.0 ची क्षमता 18 का, हे इथे दिसतं. ते 2013 मध्ये आलं. त्याआधीच्या 1.4 ला 10.2 गिगाबिटच झेपत, म्हणून त्यावर फोरके पडदा सेकंदाला 30 वेळाच बदले. चित्रपटाला ते पुरतं, पण माऊस हलवला की बाण तुटक उड्या मारतो. डिस्प्लेपोर्ट 1.2 मध्ये 2010 पासूनच 60 ची सोय होती. कमी क्षमतेत 60 बसवण्यासाठी टीव्हीवाल्यांनी चार पिक्सेलांत मिळून एकच रंग पाठवण्याची युक्तीही वापरली. चेहऱ्यांवर, निसर्गदृश्यांवर ती कळत नाही. निळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं मात्र कडांना लिबलिबीत होतात.

2017 चं एचडीएमआय 2.1 हा माझ्या मते या गोष्टीतला सर्वात मोठा टप्पा. 48 गिगाबिट गाठायला टीएमडीएस पुरेना, तेव्हा घड्याळाची वेगळी जोडी काढून तिथे चौथी मार्गिका आली आणि माहिती पाकिटांत जाऊ लागली. चित्र दाबून पाठवण्याचं डीएससी हे तंत्रही व्हेसाकडूनच घेतलं. म्हणजे टीव्हीच्या घराने संगणकाच्या घराची रीत उचलली. डिस्प्लेपोर्ट 2.0 ने 2019 मध्ये 80 गिगाबिटपर्यंत मजल मारली, आणि 2025 च्या एचडीएमआय 2.2 ने 96 पर्यंत. घराची दारं मात्र अजून सारखी उघडी नाहीत. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एएमडीला लिनक्सच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय 2.1 आणायचं होतं, त्याला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये नकार दिला. आणि खोक्यावर 2.1 लिहिलं म्हणजे 48 गिगाबिट मिळतीलच असं नाही, कारण त्यातल्या बहुतेक गोष्टी ऐच्छिक आहेत. आकड्यापेक्षा केबलवरचं ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे लेबल आणि मॉनिटरच्या माहितीपत्रकातला रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो आकडा, वाचलेला बरा.

आता बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला फक्त यूएसबी-सी असतं, आणि त्यातून चित्र बाहेर पडतं ते जवळपास नेहमी डिस्प्लेपोर्टच्या रूपात. टीव्हीला मात्र एचडीएमआय लागतं. म्हणून त्या बोटभर अडॅप्टरच्या आत एक चिप बसलेली असते. ती पाकिटं उघडते, पिक्सेल ओळीने मांडते, प्रत्येक ओळीनंतर नळीच्या काळातला तो रिकामा वेळ पुन्हा सोडते आणि त्यात आवाज भरून पुढे पाठवते.