इयत्तेचा टप्पा की शाळेचा?

शिकवण्यातला बदल एकेका इयत्तेत आणत जावा की एकेका शाळेत? २०२५-२६ मध्ये राज्यात पहिलीचं पाठ्यपुस्तक बदललं. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात पुढचे टप्पेही ठरले होते: २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी, सहावी, मग पाचवी, सातवी, नववी, अकरावी, आणि २०२८-२९ ला उरलेल्या आठवी, दहावी, बारावी. (हिंदीच्या सक्तीवरून तो निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला, तो वाद वेगळा.)

इयत्तेगणिक बदल ही आपली जुनी रीत. जून २००० मध्ये मराठी शाळांत इंग्रजी आलं तेही पहिलीपासूनच. पुस्तकं इयत्तेवार छापतात, म्हणून मंत्रालयाला हे सोयीचं. द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मात्र पहिली-दुसरी एकाच खोलीत, एकाच बाईंपुढे बसतात. एका रांगेला नवं, दुसरीला जुनं.

सगळीकडे एकदम बदल करूनही पाहिला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि ऑगस्टमध्ये पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या होत्या. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात यायला फार वेळ लागला नाही.

बदलाची तिसरी वाट शाळेकडून शाळेकडे जाणारी. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहिल्या आणि ‘नली-कली’ ही शिकवण्याची पद्धत सुरू केली. मिश्र इयत्ता हाच तिचा पाया. राज्यभरातल्या कन्नड शाळांत ती पोचायला २००९ उजाडलं.

आपल्याकडे असं घडलं ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट), विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने. फरशीवर अक्षरं आणि अंक, मुलांचा हात पोचेल असे तळफळे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. तेवीस म्हणजे दोन गठ्ठे नि तीन सुट्या, हे मूल स्वतः मांडून बघतं. इतर जिल्ह्यांतून शिक्षक गाड्या करून हे बघायला येत. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून बघत ज्ञान रचतं, हा विचार) हा शब्द शाळाशाळांत पोचला. फरश्या भराभर रंगल्या. बाई फळ्यापासून उठून मुलांत बसायला जो वेळ लागतो तो वेगळाच, आणि त्याला शासन निर्णय पुरत नाही.

मागे घेतलेल्या त्या निर्णयातलं इयत्तांचं वेळापत्रक तसंच राहिलं, तर दुसरी ते चौथी एकाच वर्षी बदलतील. म्हणजे छोट्या शाळांतली दोन पद्धतींची कसरत निदान एका वर्षावर आटोपेल.