आजी, लेक आणि नात एकाच रांगेत: जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांची पार्श्वभूमी

ठाण्यात गडकरी रंगायतनला किंवा वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम लागला की आजी-आजोबा, मुलगा-सून आणि शाळेत जाणारी नातवंडं असं सगळं घर एका रांगेत बसलेलं दिसतं. मध्यंतरात बटाटेवडा खाताना आजोबा नातवाला कुठल्या तरी गाण्याचा संगीतकार सांगत असतात. असं दृश्य सहजासहजी जुळून आलेलं नाही. त्यामागे तबकडी, रेडिओ, स्थलांतर आणि दूरचित्रवाणी यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात तबकडीपासून करायला हवी. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावत असे. नाट्यसंगीताला रात्र पुरत नसे, वन्समोअर घेत पद लांबत जाई. तबकडीवर तशी सोय नव्हती. १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायली आणि भावगीत घराघरांत गेलं. ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी एवढ्यात गाणं संपे, म्हणून ते ऐकणाऱ्याला सबंध पाठ होई. आज प्रेक्षागृहात अख्खं गाणं गायकाबरोबर गुणगुणलं जातं, त्याचं एक मूळ या आटोपशीर घाटात आहे, असं मला वाटतं. पुढे गजानन वाटवे गणेशोत्सवात चौकाचौकांत गायला बसू लागले आणि रस्ता भरून लोक ऐकायला येऊ लागले. तिकीट नाही, वयाची अट नाही; कडेवरचं मूलही श्रोताच.

पण सगळ्या घराला एकत्र ऐकायची सवय लावली ती रेडिओने. तेव्हा रेडिओ महाग होता, टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावा लागे. साहजिकच अनेक घरांत मिळून एकच संच असायचा. चाळीत एकाने आवाज वाढवला की सगळा मजला ऐके. कुणी काय ऐकायचं हा प्रश्नच नव्हता. आजोबांचं भजन, आईचं भावगीत आणि थोरल्या भावाचं सिनेमाचं गाणं प्रत्येकाच्या कानावर पडणारच. १९५२च्या सुमारास केंद्रीय मंत्री बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ बंदी आली, तेव्हा श्रोते श्रीलंकेहून ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. तिथले निवेदक अमीन सयानी यांचा आवाज याच काळात घरातला झाला. १९५७मध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, तिच्यामागे हे कारण होतं. मराठी घरांपुरतं बोलायचं तर त्याआधीच, १ एप्रिल १९५५ला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं होतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत आणि वर्षभर चाललेली ५६ गीतं. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. आज जी आजी डोळे मिटून त्यातलं पद ऐकते, ती तेव्हा आईच्या मांडीवर असेल.

ठाण्याचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे, या शहराचे नगराध्यक्षही झालेले. वसंत प्रभूंचं संगीत आणि लता मंगेशकरांचा आवाज यांच्याबरोबर त्यांची लेखणी जुळली आणि ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे सासरी निघालेल्या लेकीचं गाणं लग्नघरांत कायमचं जाऊन बसलं. हे गाणं लागलं की प्रेक्षागृहातल्या तिन्ही पिढ्यांतल्या बायका एकाच वेळी पदर, ओढणी, रुमाल शोधतात. पं. राम मराठेही ठाणेकर. १९३८च्या ‘गोपाळकृष्ण’ चित्रपटातला हा बालकलाकार पुढे संगीत रंगभूमीचा आधार झाला. त्यांच्या नावाने ठाण्यात संगीत महोत्सव होतो.

मग लोक इथे राहायला आले. १९७०मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, १९७३मध्ये खाडीवर वाशीचा पूल झाला, १९९२मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतल्या कितीतरी घरांनी ठाण्यात आणि खाडीपलीकडे फ्लॅट घेतले. जागा वाढली, दारं बंद झाली. प्रत्येक खोलीत वेगळा संच आला, नंतर टेपरेकॉर्डर आणि कॅसेट. गाणी तीच राहिली, ती एकत्र ऐकणं मात्र सुटलं. माझ्या मते या कार्यक्रमांची खरी गरज इथे निर्माण झाली. १९७८मध्ये मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं राहिलं, तेव्हा ठाणेकरांना दादर-गिरगाव न गाठता सहकुटुंब बसायची जागा मिळाली.

कार्यक्रमाचं रूपही तोवर घडलं होतं. फडके गीतरामायण मंचावर गात होते, अरुण दाते भावगीतांचे प्रयोग करत गावोगाव फिरत होते. पुढे अशोक हांडे यांनी गाण्यांभोवती नृत्य आणि भव्य रंगमंच उभा केला. यात निवेदकाचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गाणं कसं सुचलं, कुणी नाकारलं, मग कुणाकडे गेलं, हे दोन मिनिटांत सांगणारा निवेदक असला तर आठ वर्षांच्या मुलालाही ते गाणं ओळखीचं वाटू लागतं. नुसत्या नावांची यादी वाचणारा निवेदक ही संधी घालवतो.

नातवंडं मात्र बहुतेक वेळा दूरचित्रवाणीच्या वाटेने आली. २००८-०९मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप’चं लिटिल चॅम्प्स पर्व झालं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही मुलं मोठ्यांची गाणी गात होती आणि ती बघायला घर पुन्हा एका संचासमोर बसलं. तेव्हा त्यांच्याच वयाची असलेली मुलं आता पंचविशीत-तिशीत आहेत. आजी-आजोबांसाठी फोनवरून तिकिटं काढतात ती तीच.

अलीकडे ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गायचे कार्यक्रम वाढलेत. हौसेला माझा विरोध नाही, पण संवादिनी, तबला, बासरीची जिवंत साथ असली तर गायक थबकतो, प्रेक्षागृह पुढची ओळ म्हणतं आणि वादक त्यांच्यासाठी थांबतात. ट्रॅक थांबत नाही. आणि ‘जुनं’ काय हेही सरकत चाललंय. १९९८चा ‘गारवा’ हा गाण्यांचा अल्बम आता आठवणींच्या कार्यक्रमात वाजतो. कॅसेटवर तो ऐकलेले आईबाबा तेव्हा सगळ्यांत मोठ्याने गातात आणि या वेळी आजी शेजारी वाकून विचारते, हे कुणाचं गं?