साडेपंचेचाळीस दिवसांचा टायमर

खानापूरहून मामांचा फोन आला, "मोटार बंदच होईना की हो!" मलप्रभेच्या काठचा ऊस, आणि बेळगावच्या उद्यमबागेत आमच्याच छोट्या वर्कशॉपात जुळवलेला पंप-स्टार्टर. टायमर लावला होता ९० मिनिटांचा. जाऊन बघतो तर पडद्यावर आकडा ६५५३५. म्हणजे साडेपंचेचाळीस दिवस.

आकडा ओळखीचा होता. सोळाच्या सोळा बिटं (० किंवा १ ची घरं) १ असली की ६५५३५ होतात. टायमरचा आकडा होता फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं जपणाऱ्या मेमरीत, आणि ती पुसली की मागं १च उरतात, शून्य नव्हे.

वडगाव-शहापुरात जॅकार्डचे माग बघितलेल्यांना हे पटकन कळेल. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक पाडता येतं, पाडलेलं बुजवता येत नाही. फ्लॅशमध्ये १ चा ० करणं म्हणजे भोक पाडणं. उलट जायचं तर एकट्या बिटाला हात लावता येत नाही, अख्खं पान पुसावं लागतं. आमच्या स्टार्टरातल्या एसटीएम३२एफ१०३ या जिथंतिथं दिसणाऱ्या चिपेत हे पान १ किंवा २ किलोबाइटचं असतं आणि पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. टायमरचा आकडा नव्यानं लिहिताना आमचं पान पुसून झालं आणि लिहायच्या आत लाइट गेली. पावसाळ्यात खानापूरकडं लाइट जायला मुहूर्त लागत नाही.

फ्लॅशच्या दारात कंट्रोलर बसलेला असतो. त्याच्याशी बोलणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. या चिपेचा कंट्रोलर भलताच कडक आहे. लिहायचं असेल तर ठरलेल्या रजिस्टरात, म्हणजे कंट्रोलरच्या नेमलेल्या कप्प्यात, आधी हेक्साडेसिमलमधला (सोळाच्या पाढ्यातला) ४५६७०१२३ आणि मग सीडीईएफ८९एबी, याच क्रमानं टाकायचं. क्रम चुकला तर रीसेट होईपर्यंत कुलूप उघडत नाही. आमच्या सी भाषेतल्या ड्रायव्हरात या ओळींवर टीप होती, 'अनलॉक करतो'. ते दिसतच होतं!

रस्ट भाषेत 'कुलूपबंद फ्लॅश' आणि 'उघडी फ्लॅश' असे दोन वेगळे प्रकारच करता येतात. लिहायचं फंक्शन फक्त उघडीला ठेवायचं. कुलूप न काढता लिहायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चिपेला कळणाऱ्या भाषेत उतरतच नाही. चूक टेबलावरच सापडते, खानापूरची फेरी वाचते.

रजिस्टरच्या पत्त्यावर थेट लिहिणं मात्र कंपायलरला तपासता येत नाही. ते 'अनसेफ' चौकटीत ठेवावं लागतं, आणि तिच्यावर 'सेफ्टी' म्हणून टीप लिहायची रीत आहे: हा पत्ता बरोबर कशावरून, याच वेळी दुसरं कुणी इथं लिहिणार नाही हे कशावरून. माझ्या मते ड्रायव्हरमधला सगळ्यात किमती मजकूर हाच.

वीज जाण्यावर कुठल्याच भाषेचा इलाज नाही, ते शब्दांतच लिहावं लागतं. आता आमच्या ड्रायव्हरात पुसायच्या फंक्शनवर लिहिलंय: 'मध्येच वीज गेली तर पान कोरं किंवा अर्धवट राहील, त्यातला आकडा खरा मानू नये. पुसणं चालू असताना याच फ्लॅशमधून कोड वाचायला गेल्यास प्रोसेसर थबकतो, तेवढा वेळ मोटारीच्या करंटवर लक्ष नसतं.'

सेटिंगला आता दोन पानं आहेत. नवं पान पूर्ण लिहून, शेवटी खूण करून, मगच जुनं पुसायचं. दोन्ही बिघडलेली निघाली तर मोटार सुरूच होत नाही.

मामांना हेही पटलेलं नाही. "पाणी तर सोडाय पायजे की!"