चूर्णातली पिंपळी नेमकं काय करते?

आयुर्वेदिक चूर्णांच्या घटकांत तीच ती नावं पुन्हा पुन्हा भेटतात. सुंठ, मिरी, पिंपळी समभाग घेतली की त्रिकटू. दालचिनी, वेलची, तमालपत्र म्हणजे त्रिजात. त्यात नागकेशर आलं की चातुर्जात. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून हा मसाला, असा सर्वसाधारण समज आहे. त्रिजाताच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. त्रिकटूचं काम मात्र घशाखाली गेल्यावर सुरू होतं.

मिरी-पिंपळीचा तिखटपणा पायपरीन या अल्कलॉइडमुळे, म्हणजे वनस्पतीत तयार होणाऱ्या एका रसायनामुळे असतो. १८१९ मध्ये ते वेगळं केलं हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी. (हो, विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारे तेच!) आपलं आतडं आणि यकृत बाहेरून आलेल्या रसायनांना सहजासहजी रक्तात जाऊ देत नाहीत. तिथली विकरं (एन्झाइम्स) त्यांची मोडतोड करतात आणि आतड्याच्या पेशींतला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप आत शिरलेलं औषध परत बाहेर ढकलतो. पायपरीन या दोन्हींचा जोर कमी करतं, त्यामुळे सोबतचं औषध रक्तात जास्त पोचतं.

१९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना हळदीतल्या २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा कर्क्युमिनची रक्तातली उपलब्धता सुमारे वीसपट झाली. आकडा भव्य वाटतो. पण कर्क्युमिन मुळात इतकं कमी शोषलं जातं की वीसपट होऊनही ते थोडंच असतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते क्षयाच्या औषधाचं उदाहरण. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून २००९ मध्ये भारतात एक गोळी आली. तिच्यात पायपरीन घातल्यामुळे रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवता आली.

हाच गुण अंगाशीही येऊ शकतो. फिट्सवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलीन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण पायपरीनमुळे वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा अशी औषधं चालू असतील तर रोजच्या त्रिकटूबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं. जेवणातल्या चिमूटभर मिरीने घाबरायचं कारण नाही.

साठवणुकीचंही थोडं गणित आहे. दालचिनी-वेलचीचा सुवास बाष्पशील तेलांचा, त्यामुळे दळल्यावर तो लवकर उडतो. पायपरीन उडत नाही. जुन्या चूर्णाला वास नसला तरी झोंबणं शिल्लक असतं. प्रकाशात मात्र पायपरीनच्या रेणूची रचना बदलते आणि तिखटपणा घटतो, म्हणून चूर्ण गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावं.